उर्दू प्रेमकथा पडद्यावर येते तेव्हा

उर्दू प्रेमकथा म्हटली की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. लखनौची एखादी हवेली, वर लुकलुकणारी झुंबरे, चिकाचा पडदा, त्याआडून दिसणारा मेंदीचा हात, आणि समोर लवून आदाब करणारा एक तरुण नवाब. हे चित्र आपण कुठे पाहिले? पुस्तकात खासच नाही. कोकणातली काही मुसलमान घरे आणि मराठवाड्यातली जुनी वडीलधारी मंडळी सोडली, तर उर्दू लिपी वाचणारे मराठी घर आज हुडकावेच लागेल. आपण हे चित्र पाहिले ते रुपेरी पडद्यावर, आणि अलीकडे दिवाणखान्यातल्या दूरचित्रवाणीवर.

नव्या मुंबईतल्या सीवूड्सचेच पाहा ना. नेरूळ आणि बेलापूर यांच्या मधले हे स्थानक. खाली पनवेलची लोकल येते, उरणची गाडी जाते, आणि स्थानकाच्या डोक्यावरच्या भल्यामोठ्या बाजारात चित्रपटगृहे आहेत. शेजारी दारावे आणि करावे ही आगरी-कोळी लोकांची जुनी गावे. अशा ठिकाणी बसून उर्दू प्रेमकथेचा विचार करू लागले, की ती कुठल्या तरी परमुलखातून आली असावी असे वाटते. पण गंमत अशी, की या कथेचे जे रूप आपल्या ओळखीचे आहे, ते घडले आपल्याच आसपास. मालाड, गोरेगाव, अंधेरी ही त्याची कार्यशाळा. ही तर लोकलची स्थानके! त्या घडणीत मराठी माणसांचा हातभारही थोडाथोडका नाही.

ही हकीकत फार मोठी आहे. ती सगळी सांगू गेलो तर वेळ पुरायचा नाही. म्हणून आज एकच धागा धरतो. उर्दू प्रेमकथा ही मुळात सांगण्याची गोष्ट आहे, आणि पडदा हे दाखवण्याचे साधन. त्यातून उत्तम उर्दू कथांतून सांगणारी असते बहुधा एक बाई. तेव्हा कथा पडद्यावर आली, म्हणजे त्या सांगणाऱ्या बाईचे काय होते?

प्रथम मुळाकडे जाऊ. छापखाना येण्यापूर्वी उर्दूतली प्रेमकथा दास्तान सांगणाऱ्यांच्या मुखी होती. आपल्याकडे कीर्तनकार आख्यान रंगवतात, तसा दास्तानगो रात्र-रात्र कथा लांबवीत असे. राजपुत्र, परी, जादूगार, विरह आणि मीलन असा सगळा मसाला तीत असे. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने अमीर हमजाची दास्तान छापली, तिचेच ४६ खंड झाले! या अफाट जंगलातून नवी कादंबरी वेगळी निघाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. डेप्युटी नजीर अहमद यांचे ‘मिरातुल अरूस’ १८६९ साली प्रसिद्ध झाले. त्यात प्रेमापेक्षा उपदेश अधिक. एक बहीण शहाणी, दुसरी वेंधळी, आणि त्यांचे संसार, असा तो प्रकार. आपल्याकडची ‘यमुनापर्यटन’ डोळ्यांपुढे आणा, म्हणजे त्या काळाची हवा कळेल.

आणि मग १८९९ साली मिर्झा हादी रुसवा यांची ‘उमराव जान अदा’ बाहेर आली.

या कादंबरीची मांडणी ध्यानात घेण्याजोगी आहे. लखनौमध्ये एका मित्राच्या घरी चार रसिक जमले आहेत, शेरोशायरी चालली आहे. एका शेरावर शेजारच्या खिडकीआडून दाद येते. दाद देणारी कोण, तर उतारवयाकडे झुकलेली, एके काळची नामांकित गायिका उमराव. रुसवा तिला बोलते करतात. फैजाबादची लहानगी अमीरन. बापावरचा सूड उगवण्यासाठी दिलावर खान नावाच्या गुंडाने तिला पळवले, लखनौस आणून खानम नावाच्या बाईच्या कोठ्यावर विकले. तिथे तिला मौलवीने शिकवले, उस्तादांनी गाणे दिले. मग नवाब सुलतान आले, फैज अली नावाचा दरोडेखोर आला, १८५७ चे बंड आले. हे सगळे ती स्वतः सांगते, आणि सांगताना स्वतःला फसवीत नाही. आपल्यावर कुणी खरे प्रेम केले नाही आणि आपणही कुणावर केले नाही, असे ती एके ठिकाणी रोखठोक सांगून टाकते. एवढेच काय, रुसवांनी लिहून काढलेली हकीकत ती शेवटी वाचते आणि तिच्यावर आपले मतही देते. प्रेमकथेच्या नायिकेने स्वतःची प्रेमकथा तपासून पाहावी, ही १८९९ सालच्या हिंदुस्थानात अपूर्व गोष्ट होती. उमरावचे मोठेपण तिच्या रूपात नाही, ते तिच्या या बोलण्यात आहे.

हे बोलणे पडद्यावर कसे आले, ते पाहण्यापूर्वी उर्दू कथेचा मुंबईतला प्रवेश सांगितला पाहिजे. तो झाला पारशी नाटक मंडळ्यांच्या दारातून. या मंडळ्यांचे मालक पारशी, प्रेक्षक नाना जातींचे, आणि रंगभूमीची भाषा हळूहळू झाली उर्दू. आगा हश्र काश्मिरी यांच्या लेखणीने ही रंगभूमी गाजवली. त्यांच्या ‘यहूदी की लडकी’ या नाटकावर पुढे एकाहून अधिक बोलपट निघाले. बिमल रॉय यांचा १९५८ चा ‘यहूदी’ त्यांतलाच. रोमन राजपुत्र, यहुदी मुलगी, आणि दोघांच्या तोंडी खणखणीत उर्दू! प्रेक्षकांना यात काही वावगे वाटले नाही. प्रेमाची भाषा उर्दूच असावयाची, हा संकेत तोवर पक्का झाला होता.

तो संकेत बोलपटाने उचलला. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला. हाही मूळचा पारशी रंगभूमीवरचा खेळ. त्याचा नायक होता मास्टर विठ्ठल, मूकपटातला लाडका मराठी वीर. तलवार चालवण्यात त्याला तोड नव्हती. पण आता तोंड उघडायचे होते, आणि तेही या भाषेत. तेव्हा त्याच्या वाट्याला बोलणे बेताचेच ठेवले, आणि बराच वेळ त्याला गुंगीत पडलेला दाखवून वेळ निभावली, असे सांगतात. हिंदुस्थानचा पहिला बोलपट, आणि नायक अबोल! मराठी जिभेची आणि उर्दू प्रेमकथेची पहिली भेट ही अशी झाली.

परंतु मराठी जिभेने पुढे ही उणीव व्याजासकट भरून काढली. लताबाईंनी स्वतः सांगितलेली आठवण प्रसिद्धच आहे. कारकिर्दीच्या आरंभी लोकलच्या प्रवासात दिलीपकुमार भेटले. मुलगी मराठी आहे असे कळताच ते म्हणाले, की या लोकांच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो. लताबाईंनी ते मनाला लावून घेतले आणि मौलवी ठेवून उर्दू शिकून घेतली. त्याचे फळ काय मिळाले, ते तुम्ही-आम्ही गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे ऐकत आहोत.

आता अनारकलीकडे वळू. लाहोरच्या इम्तियाज अली ताज यांनी १९२२ साली ‘अनारकली’ हे नाटक लिहिले. अकबराचा पुत्र सलीम आणि दासी अनारकली यांची ही कथा. तिला इतिहासाचा पक्का आधार नाही, दंतकथाच ती. पण ताज यांनी तिला जे घाटदार रूप दिले, त्यावर चित्रपटांनी पुढे अर्धे शतक काढले. मुंबईच्या इंपीरियल कंपनीने १९२८ मध्ये मूक ‘अनारकली’ काढली आणि १९३५ मध्ये बोलकी. दोहोंतही नायिका सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स. १९५३ साली गोरेगावच्या फिल्मिस्तानने पुन्हा ‘अनारकली’ काढली. त्या वेळी बीना राय अनारकली झाली आणि सुलोचना झाली सलीमची आई. एकाच कथेत एका नटीचे तारुण्यही सरले आणि प्रौढपणही आले!

यानंतर आला के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’. ५ ऑगस्ट १९६० रोजी मराठा मंदिरात त्याचा पहिला खेळ झाला. नाव पाहा: मराठा मंदिर! आणि आत मोगल बादशहाच्या घरातले भांडण. संवाद लिहिण्यासाठी अमान, कमाल अमरोही, वजाहत मिर्झा आणि एहसान रिझवी असे चार लेखक बसले होते. त्यांनी लिहिलेले ते बोलणे, पृथ्वीराज कपूर यांच्या अकबरापुढे उभे राहून, जोधाबाईच्या भूमिकेत सहजतेने पेलले ते आपल्या दुर्गा खोटे यांनी. नवरा आणि मुलगा यांच्या मध्ये चिरडली जाणारी आई त्यांनी अशी काही वठवली, की हिची मातृभाषा उर्दू नाही हे कुणाच्या मनातही येऊ नये. मास्टर विठ्ठलपासून दुर्गाबाईंपर्यंत एकोणतीस वर्षे गेली. तेवढ्या काळात मराठी नटांनी ही भाषा आपलीशी केली.

पण आपला धागा सोडायचा नाही. ताज यांच्या नाटकात अनारकली भिंतीत चिणली जाते. आसिफ यांच्या चित्रपटात अकबर तिच्या आईला दिलेल्या जुन्या वचनाला जागतो, भुयारी वाटेने तिला गुपचूप बाहेर काढतो, आणि ही गोष्ट सलीमला कधीच कळू देत नाही. प्रेक्षकांना हायसे वाटते. परंतु विचार करा, या बदलाने कथा कुणाची झाली? नाटकात शोकांतिका अनारकलीची होती. चित्रपटात अंती मोठा ठरतो तो बादशहा, न्यायी आणि दयाळू. चित्रपटाच्या नावातही तोच आहे. मुळात जी कथेच्या मध्यभागी होती, तिला भुयाराच्या वाटेने कथेबाहेर नेण्यात आले, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

त्या काळी मुंबईत एक बाई मात्र अशा होत्या, की त्या पडद्याच्या या वाटेने मुकाट्याने जाणाऱ्या नव्हत्या. इस्मत चुगताई मुंबईस आल्या त्या शाळांच्या तपासनीस म्हणून. १९४२ साली शाहिद लतीफ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शाहिद लतीफ चित्रपटात, सआदत हसन मंटो चित्रपटात, कृष्ण चंदर आणि राजिंदर सिंग बेदीही पुढे चित्रपटात. उर्दू कथेतली ही एवढी थोर मंडळी त्या काळात मुंबईच्या लोकलने कामावर जात होती! कागदावर कथा लिहून पोट भरत नसे, पडद्यासाठी लिहिले तर भाडे निघे, असा सरळ हिशेब होता.

इस्मत आपांची ‘जिद्दी’ ही छोटी कादंबरी प्रेमकथाच आहे. जमीनदाराच्या घरातला पूरण आणि त्याच घराच्या आश्रयाला असलेली गरीब आशा यांची ती कथा. १९४८ साली बॉम्बे टॉकीजने तिच्यावर चित्रपट काढला, दिग्दर्शक शाहिद लतीफ. देव आनंद आणि कामिनी कौशल या जोडीचा हा चित्रपट चालला. तरुण किशोरकुमारला पहिले एकट्याचे गाणे याच चित्रपटात मिळाले. लोकांनी गाणी लक्षात ठेवली, नट लक्षात ठेवले. मूळ लेखिका किती जणांना आठवते? पण त्या मागे हटल्या नाहीत. ‘सोने की चिडिया’ या १९५८ सालच्या चित्रपटाची कथा त्यांचीच. एका नटीच्या मिळकतीवर तिचेच आप्त कसे जगतात, ते तिच्यात आले आहे. पडद्याच्या आत राहून पडद्याची हकीकत सांगण्याचा तो प्रयत्न होता. पुढे ‘गर्म हवा’ हा १९७३ चा चित्रपट त्यांच्याच अप्रकाशित कथेवरून निघाला. फाळणीनंतर आग्र्यात राहिलेल्या एका कुटुंबाची ती कहाणी. त्यातली मुलगी अमीना हिचे दोनदा मोडलेले प्रेम पाहताना असे जाणवते, की देश तुटला तो नकाशावर, पण त्याचा घाव बसला तो असा घरातल्या लग्नाच्या वयाच्या मुलीला.

आता पुन्हा उमरावकडे. एकट्या १९५८ सालात तिच्यावर आधारलेले दोन चित्रपट निघाले, ‘मेहंदी’ आणि ‘जिंदगी या तूफान’. परंतु तिला खरी कीर्ती मिळाली ती १९८१ साली, मुझफ्फर अली यांच्या ‘उमराव जान’मध्ये. रेखा यांचा अभिनय, शहरयार यांच्या गझला, खय्याम यांचे संगीत. सगळेच जमून आले. रेखा, खय्याम आणि आशा भोसले या तिघांना त्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. कौतुक करावे तेवढे थोडेच.

तरीपण मूळ कादंबरी वाचून हा चित्रपट पाहावा, म्हणजे एक गोष्ट खटकते. खिडकीआडून दाद देणारी ती प्रौढ बाई इथे नाही. रुसवांना कोपरखळ्या मारणारी, आपल्याच हकीकतीवर हसणारी उमराव इथे नाही. कथा सरळ फैजाबादच्या लहानग्या मुलीपासून सुरू होते आणि ओळीने पुढे जाते. नवाब सुलतानवरचे प्रेम हा तिचा कणा होतो. अखेर रिकाम्या कोठ्यात ती आरशापुढे उभी राहते आणि स्वतःकडे पाहते. कादंबरीतली उमराव बोलते. चित्रपटातली पाहते आणि आपल्याला पाहायला लावते. एकीचा निवाडा तिने स्वतः केलेला आहे, दुसरीचा आपण करतो, आणि तोही तिच्या डोळ्यांवर भाळून.

याला एक अपवाद आहे, आणि तो सांगलीच्या मुलीने घडवला. खय्याम यांनी आशाबाईंना नेहमीच्या पट्टीहून खाली गायला लावले. आशाबाई आधी बिचकल्या होत्या, मग स्वतःचाच आवाज ऐकून चकित झाल्या. त्या खालच्या पट्टीत एक पोक्तपणा आहे, सगळे भोगून झाल्यावरची शांतता आहे. चित्रपटात तरुण रेखा गाते आहे, पण आवाज येतो तो जणू कादंबरीतल्या उतारवयातल्या उमरावचा. दिग्दर्शकाने जी सांगणारी गाळली, ती गाण्याच्या वाटेने परत आली. २७ जून २०२५ रोजी हा चित्रपट नव्या स्वच्छ रूपात पुन्हा चित्रपटगृहांतून लागला. ज्यांनी तेव्हा पाहिला असेल, त्यांनी आठवून बघावे; खरे ना?

मराठी श्रोत्याला इथे आपल्या घरची एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. हंसा वाडकर यांनी ‘सांगत्ये ऐका’ या नावाने आपले आयुष्य सांगितले. ते पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले. नावच मुळी पुरेसे बोलके आहे. त्यावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ साली ‘भूमिका’ काढला, स्मिता पाटील त्यात नायिका. तोही मोठा चित्रपट. पण नावांतला फरक पाहा. बाईने म्हटले होते ‘मी सांगते’. पडद्याने म्हटले ‘ही एक भूमिका’. लखनौची उमराव आणि आमची हंसाबाई यांची पडद्यावरची गत बरीचशी एकच झाली.

उर्दूतली अशी एक सांगणारी तर थेट आपल्या विदर्भातली. वाजिदा तबस्सुम यांचा जन्म अमरावतीचा, सन १९३५. पुढे कुटुंब हैदराबादेस गेले, उस्मानिया विद्यापीठात त्यांनी उर्दूचे उच्च शिक्षण घेतले, आणि लग्नानंतर त्या मुंबईकर झाल्या. २०११ साली मुंबईतच त्यांचे निधन झाले. हैदराबादच्या नवाबी वाड्यांतले जग त्यांनी लिहिले. त्यातही बेगमांपेक्षा दासींचे अधिक. आणि लिहिले ते दख्खनी बोलीच्या ठसक्यात. मराठवाड्यात ज्यांचे बालपण गेले त्यांच्या कानांना ही बोली परकी नाही. त्यांच्या कथांनी वाचक भडकलेही. मोठे वादळ उठले. प्रतिष्ठित घरांच्या बंद दारांआड काय चालते, ते एका बाईने लिहावे, हेच मुळी पुष्कळांना सोसले नाही.

त्यांची ‘उतरन’ ही कथा सर्वांत गाजलेली. उतरन म्हणजे दुसऱ्याने अंगावरून उतरवलेले जुने कपडे. दाईची मुलगी चमकी जन्मभर शहजादीचे जुने कपडे घालते. शहजादीच्या लग्नाच्या आदल्या रात्री ती नवऱ्या मुलाकडे जाते. मग वधूला ऐकवते, की आजवर मी तुमचे वापरलेले वापरले, आता जन्मभर तुम्ही माझे वापरलेले वापरा. कथा काही पानांची, पण तिचा शेवट चाबकासारखा बसतो. ही प्रेमकथा आहे का, असे कुणी विचारील. मी म्हणेन, प्रेमकथेला मालकी आणि गरिबी या गोष्टींचा विसर पडतो, तो इथे पडलेला नाही, एवढाच फरक.

या कथेचे बीज घेऊन मीरा नायर यांनी १९९६ साली ‘कामसूत्र’ हा चित्रपट काढला. चमकीची झाली माया, हैदराबादचे झाले सोळाव्या शतकातले राजवाडे, आणि भाषा झाली इंग्रजी. योगायोग असा, की त्यात रेखाही आहेत. आता दख्खनी बोलीतला तो एक टोमणा इंग्रजीत कसा यायचा? प्रसंग आला, सूडही आला. पण ज्या तोंडाने तो उच्चारला ते तोंड बदलले. मूळ कथेत शेवटचा शब्द दासीचा होता, आणि त्यानंतर कुणीच काही बोलत नव्हते. चित्रपटात त्या प्रसंगानंतर कितीतरी कथा शिल्लक राहते, आणि तो शब्द तिच्यात विरून जातो.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, की पडदा हा कथेचा वैरीच. तसे नाही. दूरचित्रवाणीने याचे एक उत्तर दिले, आणि ते आले सीमेपलीकडून.

पाकिस्तानात दूरचित्रवाणी १९६४ साली सुरू झाली. तिथे मालिका लिहिण्याचे काम पुढे मोठ्या प्रमाणावर स्त्रियांच्या हाती आले. फातिमा सुरैया बजिया मूळच्या हैदराबाद दख्खनच्या. त्यांनी ए. आर. खातून यांच्या जुन्या घरगुती कादंबऱ्या मालिकांत आणल्या. हसीना मोईन यांनी १९७३ साली ‘शहजोरी’ लिहिली, ती अजीम बेग चुगताई यांच्या कथेवरून. म्हणजे इस्मत आपांच्या थोरल्या भावाच्या. बहिणीची कथा मुंबईच्या पडद्यावर, भावाची कराचीच्या. मध्ये एक सरहद्द!

तिकडे स्त्रियांसाठी निघणारी ‘ख्वातीन डायजेस्ट’सारखी मासिके घरोघर जात, आणि त्यांत क्रमशः कादंबऱ्या येत. आपल्याकडे ‘स्त्री’ मासिकाची जशी वाट पाहिली जाई, तशीच तिकडे यांची. याच वातावरणातून नव्या लेखिका पुढे आल्या. फरहत इश्तियाक यांची ‘हमसफर’ कादंबरी २०११ साली मालिका झाली, उमेरा अहमद यांची ‘जिंदगी गुलजार है’ २०१२ साली. महत्त्वाची गोष्ट ही, की दोघींनी पटकथा स्वतःच लिहिल्या. मालिका वीस-पंचवीस भागांत संपणारी. त्यामुळे कथा ताणायची नाही, आणि मुळातला स्वर जाऊ द्यायचा नाही. ‘जिंदगी गुलजार है’ ही कादंबरी तर डायरीच्या पानांनीच बनलेली आहे. काही पाने कशफ या गरीब, मानी मुलीची, काही जारून या श्रीमंत मुलाची. मालिकेतही कशफ डायरी लिहिते आणि तिचे शब्द आपल्याला ऐकू येतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उमराव जे करीत होती, तेच हे. सांगणारी पडद्यावर परत आली.

हेही निर्दोष आहे असे कुणी समजू नये. ‘हमसफर’ची खिरद सोसते फार. कशफचा करारीपणा लग्नानंतर मवाळ होतो. बाईने संसार सांभाळावा, राखावा, ही शिकवण ‘मिरातुल अरूस’पासून चालत आली, ती या मालिकांतही मधूनमधून डोके वर काढते. परंतु बाई स्वतः बोलते आहे, हा फरक लहान नाही.

या मालिका आपल्याकडे आल्या २३ जून २०१४ पासून, ‘जिंदगी’ या वाहिनीवर. वाहिनी मुंबईच्याच झी समूहाची. नव्या मुंबईतल्या सिडकोच्या इमारतींतून, सीवूड्स-नेरूळच्या घरांतून, रात्रीची जेवणे आटोपल्यावर ‘हमसफर’ लागत असे. कथा सोपी, पोशाख साधे, सासू-सुनांची आदळआपट बेताची. शब्द अडला तर शेजारणीला विचारायचे. ‘खिरद’ म्हणजे बुद्धी, ‘कशफ’ म्हणजे उकल, असे अर्थ मराठी बायकांना ठाऊक झाले. रझिया बट यांच्या फाळणीवरच्या ‘बानो’ या कादंबरीची मालिकाही इथे वेगळ्या नावाने दाखवली गेली. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये, उरीच्या हल्ल्यानंतर, वाहिनीने पाकिस्तानी मालिका बंद केल्या. आणि मे २०२५ मध्ये, पहलगामच्या हत्याकांडानंतर, मागणीप्रमाणे चित्रपट दाखवणाऱ्या मंचांनीही पाकिस्तानातली सामग्री काढून टाकावी, असे केंद्र सरकारने सांगितले. ज्यांची माणसे मारली गेली त्यांच्या दुःखापुढे मालिकेचे काय मोठेसे, हे कुणीही मान्य करील. राष्ट्राराष्ट्रांतल्या व्यवहारावर बोलण्याची ही जागाही नव्हे.

पण एक धोका मात्र मनात येतो, आणि तेवढ्यासाठीच ही सारी हकीकत सांगितली. दार बंद झाले, तेव्हा पुष्कळांना असे वाटू लागले, की उर्दू प्रेमकथा ही पलीकडची वस्तू होती, आली तशी गेली. तसे असते तर गोष्ट वेगळी. उमराव लखनौची, म्हणजे इथली. ‘जिद्दी’ मालाडची. अनारकलीला सर्वांत मोठा मान मिळाला तो मुंबईच्या मराठा मंदिरात. चमकीला जन्म देणारी लेखिका अमरावतीची. ही सगळी आपली शिल्लक आहे; ती कुणी सरहद्दीवरून आणून दिलेली नाही, आणि म्हणून कुणी परतही नेऊ शकत नाही. हरवलीच तर ती आपल्या हातूनच हरवेल, आणि तीही न वाचल्यामुळे.

उमराव, इस्मत आपा, बेदी, मंटो यांची पुस्तके देवनागरी अक्षरांत छापलेली मिळतात. त्यासाठी नवी लिपी शिकावी लागत नाही. भाषा निम्मी कळते, कारण चित्रपटांनी आणि गाण्यांनी आपला कान आधीच तयार करून ठेवला आहे. राहिलेली निम्मी संदर्भावरून कळते. सीवूड्सहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जायला लोकलने तास-सव्वातास लागतो. तेवढ्यात ‘उतरन’ सहज वाचून होते आणि ‘उमराव जान अदा’ची पहिली बैठक पार पडते. चित्रपट पाहावा, जरूर पाहावा, गाणीही ऐकावीत. पण एकदा तरी खिडकीआडची ती बाई कागदावर भेटू द्यावी. तिच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ती सांगते फार चांगले.